हात थरथरू नयेत म्हणून

नंदुरबारात जानेवारीत कुणी खोकलं तर कुणी मान वर करून बघत नाही. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मोकळ्या मैदानांवर, लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा सुटला की सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. बाहेरून आलेले पाहुणे रुमाल शोधतात आणि आम्ही त्यांना हसतो.

माझी मोठी बहीण अशाच एका पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जायची. दिवाळी ते होळी तिचा खोकला चालायचा. पहाटे ती अंथरुणात उठून बसे, छातीतून बारीक शिट्टी वाजे. उन्हाळ्यात कमी होई, आम्ही विसरून जात असू. मिरचीचा ठसका, बस. तिला डॉक्टरकडे न्यावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि त्या कुणात मीही आले. घरातली शिकलेली तर मीच होते.

मी पंचायत समितीत कारकून. दर महिन्याच्या आढावा बैठकीत उभं राहून आमच्या टेबलाचा अहवाल वाचावा लागतो. पोटात गोळा यायचा ते चालून जायचं, कारण पोट कुणाला दिसत नाही. हात दिसायचे. कागद इतका फडफडायचा की मी तो पुठ्ठ्याला लावून धरू लागले, तर पुठ्ठाही हलायला लागला. एकदा शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ भर बैठकीत म्हणाले, "मॅडम, पंखा बंद करू का?" सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन भांडी आदळली.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि विचारलं, "दमा आहे? लहानपणी कधी धाप लागायची?" मी नाही म्हणाले. ते खरं होतं. मग त्यांनी प्रोप्रानोलॉल लिहून दिली. बैठकीआधी तासभर एक गोळी. "हिने भीती जात नाही," ते म्हणाले, "धडधड आणि थरथर थांबते. आणि ही दुसऱ्या कुणाला देऊ नका. दम्याच्या माणसाला तर अजिबात नाही."

पुढच्या बैठकीत मी पुठ्ठ्याशिवाय उभी राहिले. भीती होतीच, पण कागद हलेना. मी स्वतःच्या हातांकडे बघत राहिले, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. त्या दिवशी घरी येताना मी पेढे आणले होते.

त्याच सुमाराला बहीण गावची सरपंच झाली. जागा महिलेसाठी राखीव, म्हणून उभी केली होती. सही ती करी, बोलत मेहुणे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी ती माझ्याकडे येऊन बसली. "या बारले मीच बोलसू," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "पन मन्हा हात थरथर करतस. लोके हासतीन. तुन्ही ती गोळी माले बी दे."

मी दिली. विचार केला नाही असं नाही, केला. डॉक्टरांचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. पण दम्याचं माणूस आमच्या घरात नव्हतं. ठसक्याचं होतं.

सव्वीस तारखेला मी सकाळीच तिच्या गावी गेले. झेंडावंदन झाल्यावर तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी एकेक गोळी घेतली. मला गरज नव्हती, तिला सोबत म्हणून घेतली. तिच्या मुलीने पाण्याचा तांब्या आणून दिला. ती तेव्हा दहावीत होती.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. मेहुणे सवयीने उठले, तर बहीण म्हणाली, "बसा तुम्ही." पटांगणात हशा पिकला. मग ती बोलली. पाण्याच्या टाकीचं, गटारीचं, पथारीवर जाणाऱ्या बायांना सावलीला शेड नाही त्याचं. कागद हातात स्थिर. मला इतका अभिमान वाटला की तो तिचा किती आणि माझ्या गोळीचा किती, हे मला वेगळं करता येईना.

मग ती खोकली. थांबली, पुन्हा बोलू लागली, पुन्हा खोकली. बाया उठल्या. "मिरचीना ठसका शे, बसी जाई," एकीने सांगितलं. कुणी गुळाचा खडा दिला, कुणी पाठ चोळली. ती माझ्याकडे बघत होती. तिचे खांदे वर-खाली होत होते आणि ओठांचा रंग बदलत होता. आम्ही ठसका ओसरायची वाट बघत राहिलो. गाडी काढेपर्यंत अर्धा तास गेला होता.

दवाखान्यात तिच्या तोंडावर वाफेचा मास्क लावला. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. "दमा आहे का हिला? आज काही गोळी, औषध घेतलंय?"

"काय बी नही, साहेब," मेहुणे म्हणाले. "मिरचीवर काम करस ती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. भीतीने आतून मी पार गळून गेले होते. एरवी माझे हात असे हलले असते, आवाज असा फाटला असता, की त्यांनी मला बाजूला नेऊन खोदून विचारलं असतं. पण मीही सकाळी गोळी घेतली होती.

"नाही," मी म्हणाले. बैठकीत अहवाल वाचते तसं, स्वच्छ.

दुपारी ती गेली. सांगितलं असतं तर वाचली असती का, मला माहीत नाही. त्या गोळीने आवळलेल्या श्वासाला नेहमीची वाफ पुरत नाही, डॉक्टरांना कळलं तर ते दुसरं काही करून बघू शकतात, हे मी नंतर विचारून घेतलं. विचारतानाही बहिणीऐवजी ‘माझी मैत्रीण, माझी मैत्रीण’ असंच म्हणत राहिले.

सगळा दोष मिरचीवर गेला. मेहुण्यांनी पोरीला पथारीच्या वाटेनेसुद्धा जाऊ दिलं नाही. वर्षश्राद्धाला एक म्हातारी माझ्यासमोर मिरचीला शिव्या देत रडली आणि मी तिला पाणी दिलं. गोळ्या मी बंद केल्या. बैठकीत कागद पुन्हा फडफडतो, फडफडू दे.

गेल्या महिन्यात भाची माझ्याकडे राहायला आली. आता बारावीत आहे. जेवणं झाल्यावर ती खोकली, आईसारखीच, छातीतून बारीक शिट्टी वाजत. मग माझ्याजवळ सरकून म्हणाली, "मावशी, तोंडी परीक्षामा मन्हा हात थरथर करतस. तू आईले देयेल व्हती ती गोळी शे का? कितली मस्त बोलनी आई त्या दिनले."

माझे हात थरथरायला लागले. तिने ते पाहिले आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले. "काय व्हयनं, मावशी?"

मी सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर आले तेव्हा तिने माझे हात सोडले.