घरमालकांनी मागितलेला गोल

देवाला फुरसत आहे की नाही हे न विचारता त्याला कामाला जुंपणारा आमच्या घरमालकांसारखा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा झाला नाही. गाऱ्हाणे घालायचे म्हणजे नारळ पुढे ठेवून देवाकडे मोठ्याने मागणे मागायचे आणि जमलेल्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. लोक ते देवळात घालतात. घरमालक कुठेही घालत. आम्ही त्यांच्या खालच्या खोल्यांत राहायला गेलो, त्या दिवशी त्यांनी उंबऱ्यावरच डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ही देशावरची माणसं आलीत. मासे खात नाहीत, तरी सांभाळून घे. नळ उघडा टाकू नये अशी बुद्धी दे." कपाट डोक्यावर घेतलेले हमालसुद्धा "व्हय म्हाराजा" म्हणाले. बायको स्कूटर शिकायला लागली तेव्हा एक नारळ तिच्यासाठी फुटला आणि एक तिच्या वाटेत येणाऱ्यांसाठी. मला राग यायचा, पण तो हातावर खोबरे पडेपर्यंतच टिकायचा.

दोन हजार दोनच्या फुटबॉल विश्वचषकात ते आणि आमची सात वर्षांची मनू दुपारभर आमच्या टीव्हीपुढे मांडी घालून बसत. पावसाळ्याचे दिवस, आता गोल होणार असे वाटले की नेमकी वीज जाई. मनूने धावपळ भरपूर पाहिली, गोल एकही नाही. एकदा ती रडायलाच लागली, तेव्हा घरमालकांनी शब्द दिला, "रडू नको गो बाय. मैदानावर नेऊन तुला खराखुरा गोल दाखवतो. तिथं वीज लागत नाही." त्या शब्दावर पोरीने दिवाळी उलटेपर्यंत कळ काढली.

दिवाळीनंतर आमच्या मैदानावर रत्नागिरी विरुद्ध सावर्डे असा सामना ठरला. आम्ही तिघे गेलो. घरमालकांच्या काखेत अर्थातच नारळ होता. शिट्टी तोंडात धरलेल्या रेफ्रीला त्यांनी हाताने थोपवले आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पंचाईत अशी, की सावर्ड्याचा गोलकीपर हा त्यांचा सख्खा भाचा. "बा देवा म्हाराजा, इकडची पोरं आमची, तिकडचा भाचाही आमचा. दोन्ही बाजूंची लाज राख. कोणाला खाली मान घालायला लावू नको." दोन्ही संघ एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

देवाने शब्दन् शब्द ऐकला. चेंडू खांबाला लागला, वरून गेला, भाच्याच्या पोटावर आदळला. जाळ्यात काही जाईना. सामना संपत आला तशी मनू मुसमुसत म्हणाली, "आजोबा, तुम्हीच देवाला सांगितलंत ना, कोणाचीच लाज जाऊ देऊ नको म्हणून? मग गोल कसा होणार?"

घरमालकांचा चेहरा पडला. त्यांनी लांबवर उभ्या असलेल्या भाच्याकडे पाहिले, मग मनूकडे पाहिले, आणि टोपी सारखी करून हात जोडले, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, मघाशी काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल. माझ्या पोरीला एक गोल दाखव. भाच्याची समजूत मी काढीन."

"व्हय म्हाराजा," मनू एकटीच म्हणाली. तेवढ्यात आमच्या एका पोराने मारलेला चेंडू भाच्याच्या हाताखालून जाळ्यात गेला. मैदानभर आरडाओरडा झाला, मनू उड्या मारायला लागली. घरमालकांनी डोळे उघडले. "काय झालं गो?" आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले, की टीव्हीपुढे मनूइतकीच वीज त्यांचीही जात होती. गोल त्यांनीही कधी पाहिला नव्हता.

गोल मामानेच मागितला हे भाच्याच्या कानावर गेले, आणि त्याची समजूत काही निघाली नाही. पुढची दोन वर्षे तो गणपतीलासुद्धा मामाकडे फिरकला नाही. घरमालक मात्र संध्याकाळी अंगणात बसून मनूला विचारत, "सांग बघू, कसा गेला चेंडू?" मनू सांगे, आणि दर खेपेला तो चेंडू आणखी लांबून येई.

शेवटच्या दुखण्यात त्यांचे बोलणे बंद झाले. मनू उशाशी बसून न विचारताच सांगायला लागली. निरोप मिळाल्यावर भाचा धावत आला होता, तो दाराशीच अवघडून उभा होता. "आणि मग चेंडू दादाच्या हाताखालून गेला," असे म्हणून ती थांबली. दादा पुढे आला, मामाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा."

घरमालक मिटल्या डोळ्यांनी हसले. मला वाटते, तो गोल त्यांना तेव्हा दिसला.