गोदूचं अक्षर

मी पाटीवर ‘आई कोण?’ असं लिहिलं आणि गोदूपुढे धरली. तिनं पेन्सिल घेतली, त्याच्याखाली माझ्याहून वळणदार अक्षरात ‘आई कोण?’ असंच लिहिलं आणि शाबासकीसाठी आमच्या तोंडांकडे बघत राहिली. आई समोरच बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. “काय लिहिलं गं तिनं?” तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

गोदू माझी पाठची बहीण. गेल्या महिन्यात देवासलाच वारली, सत्तरीपुढची होती. भेटायला आलेले म्हणाले, बिचारी सुटली. कशातून सुटली ते मला कळलं नाही. चांगली खात-पीत होती.

तिला ऐकू येत नव्हतं, पण घरात हे कोणी धड म्हणत नसे. दोन वर्षांची असताना ताप आला आणि ती बोलायची थांबली. ढोल वाजला की मात्र वळून बघायची, म्हणून शेजारीण म्हणे, सोंग करते. आईनं टेकडीवरच्या देवीला चांदीची जीभ वाहिली. देवीनं ती ठेवून घेतली. तेव्हा देवासात एकाच गावात दोन राज्यं होती, रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. आमचे वडील, नाना, थोरल्या पातीच्या कचेरीत कागदांच्या नकला उतरवणारे कारकून. आमच्याकडच्या शाळेतले मास्तर म्हणाले, हिला पलीकडे न्या. पलीकडचे म्हणाले, तुमची रयत तुम्ही सांभाळा. शेजारीण म्हणाली, रस्त्याच्या मधोमध बसवा, दोघांचाही मान राहील.

शेवटी धारहून आत्यानं कळवलं की तिथल्या मुलींच्या शाळेतल्या बाई घ्यायला तयार आहेत. गोदूला आत्याकडे ठेवलं. आम्ही परत येणार आहोत हे तिला सांगायचं कसं, ते कोणालाच येत नव्हतं. काही महिन्यांनी भेटायला गेलो तर आत्यानं ओसरीवर तिची पाटी काढून दाखवली. अक्षर बघून नाना हरखले. आईचं मात्र समाधान झालं नाही. तिनंच मला तो प्रश्न लिहायला लावला.

“वन्सं, ही शिकली कुठे? नुसती उतरवते,” आई म्हणाली.

आत्या म्हणाली की बाईंच्या मते अर्थ मागून येईल.

“मी तरी कचेरीत सगळं समजून लिहितो का?” नाना म्हणाले. “घर त्यावरच चाललंय.”

आई ऐकेना. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिनं गोदूचा हात धरला. गोदूनं दुसऱ्या हातानं खांब धरला. ती रांगेत बसली होती, मांडीवर पाटी, डावी-उजवीकडच्या मुलींसारखीच. देवासात तिला कोणी रांगेत बसवलं नव्हतं. शाळा आवडली होती की आम्ही नकोसे झालो होतो, तिला विचारायची सोय नव्हती. आईनंच हात सोडला. इंदूर येईपर्यंत ती नानांशी बोलली नाही. ती शाळा योग्य होती की नव्हती, हा वाद आमच्या घरात आई असेपर्यंत चालला.

चार वर्षांनी गोदू परत आली. पुढे जन्मभर बायकांना स्तोत्रं उतरवून द्यायची. अर्थ मागून आला का? ‘तांदूळ’ लिहून दाखवलं तर तांदूळ आणायची. ‘उद्या’ लिहिलं तर नुसती बघायची. अलीकडे माझ्या नातीनं वात्रटपणा करून पाटीवर ‘गोदूआजी मुकी’ असं लिहून तिला दिलं. गोदूनं खाली ‘गोदूआजी’ एवढंच लिहिलं, पेन्सिल ठेवली आणि मेथी निवडायला बसली. “आजी, हिला सब समजतं,” नात म्हणाली. मी म्हटलं, कंटाळली असेल. खरं काय ते मला माहीत नाही.

धारच्या त्या ओसरीवर आम्ही पाच जण होतो. तिचं काय करायचं ते ठरवणारी तिघं तिच्या कितीतरी आधी गेली. आता गोदू गेली. मी आहे.