फोनवरचा रुमाल

लातूरच्या बाजारात आमच्या दुकानाशेजारी एका काकांची आडत आहे. क्रिप्टो घेतानाच ते किती तोटा झाला की आपोआप विकायचं, तो स्टॉप लॉस फोनवर लावून टाकतात. मग फोनवर खांद्यावरचा रुमाल टाकतात आणि तूर पारखत बसतात.

एकदा माझं क्रिप्टोचं नाणं कोसळत होतं. लावलेला स्टॉप लॉस काढायला बोट गेलं, तोच त्यांचा रुमाल माझ्या फोनवर पडला.

"डोकं थंड व्हतं तवा ठरवलंय ना? मंग आता हात लावायचा न्हाई."

थोड्या तोट्यात सुटलो. संध्याकाळी भाव परत चढला, तेव्हा रागानं मी त्यांचा चहाही घेतला नाही.

परवा दुसरं नाणं बुडालं, ते वर आलंच नाही. माझं आधीच विकलं गेलं होतं; पोरीच्या क्लासची फी वाचली. ते त्या दिवशी माहूरला होते. फोनवर रुमाल मीच टाकला होता.

ते परतले, तेव्हा चहा मी सांगितला.