अष्टमीच्या खुंट्या

त्सुनामी हा शब्द नव्वदच्या दशकात आमच्या पेणच्या कचेरीत कुणी ऐकलाही नव्हता. मी तिथे जागा आखायच्या कामावर होतो, हंगामी. पाण्यापासून किती लांब घरं बांधावीत, हे मला शिकवलं मिठागरातल्या एका म्हातारीने. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

मी रोह्याकडच्या भातशेतकऱ्याच्या घरातला. खाडी पाहिलेली, ती गाडीच्या खिडकीतून. कासूच्या पुढे मिठागर कामगारांसाठी घरं व्हायची होती. एका दिवशी भरतीचं पाणी कुठवर येतं ते पाहिलं, त्याच्या वर थोडी जागा सोडून खुंट्या ठोकल्या, नकाशा काढला आणि साहेबांची सही घेऊन मोकळा झालो.

सहा दिवसांनी जाऊन पाहतो तर सगळ्या खुंट्या उपटलेल्या, मोळी बांधून ठेवलेल्या. शेजारी ती म्हातारी बसलेली. घरं मिळणाऱ्यांच्या यादीत तिचंही नाव होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुला घर नको का, म्हणून मी नको नको ते बोललो.

ती म्हणाली, "तू ठोकल्यास तवा आठम होती, पोरा. आठमीला भांगाची भरती, लहानशी; पाणी पुढं येतच नाय. उद्या पुनव हाय, उधाणाची भरती. ये आणि बघ."

दुसऱ्या दिवशी गेलो. जिथे घरांचे उंबरे येणार होते, तिथे मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. लाजेने मान वर होईना.

घरं वरच्या मुरमाड माळावर हलवायला हवी होती. पण नकाशा चुकला हे सांगितलं असतं, तर माझी नोकरी गेली असती. हे मी तिला सांगितलं. तिने फक्त विचारलं, घरी कोण कोण हाय. मग तिनेच सगळ्यांच्या वतीने अर्ज लिहवून घेतला: आम्हाला खालची जागा नको, माळच पाहिजे. पहिला अंगठा तिचा. साहेब भडकले, पण माळ मंजूर झाला. तिचं नाव मात्र त्यांनी यादीत शेवटी टाकलं.

पुढच्या पावसाळ्यात उधाणाने खाडीचा बांध फुटला, खालची जागा पाण्याखाली गेली. माळावरच्या घरांत चुली पेटलेल्या होत्या. तिचं घर अजून व्हायचं होतं; ती शेजारणीच्या पडवीत बसून होती.

मी कचेरीत गेलो. तिच्या अर्जावर साहेबांचा शेरा होता, "अर्जदार हट्टी." त्याखाली मी लिहिलं, "चूक माझी," आणि सही केली.