लेकीचे डोळे

वडूजला मी माझ्या फोटोंच्या प्रिंट काढायला गेलो होतो. स्टुडिओवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावून बसणारा. त्याच्यासमोर एक बाई मोबाइलवर आपल्या आईचा फोटो दाखवत होती. मी डोकावलो आणि चरकलोच. म्हातारीचे डोळे मिटलेले होते आणि नाकात कापूस होता.

"जित्तेपणी एक बी फोटू न्हाई काढला आमी," बाई म्हणाली.

त्याने तिला खिडकीशी बसवलं. आईच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून होता, म्हणून हिलाही तसंच वळवलं आणि फक्त डोळ्यांचे फोटो काढले.

"हिचे डोळे कशाला?" मी विचारलं.

"परक्याचं डोळं घरच्यांना लगीच वळखू येत्यात," तो म्हणाला.

तासाभरात त्याने फोटोतला कापूस घालवला, लेकीचे डोळे आईला बसवले, भोवती सुरकुत्या ओढल्या. मला बघवत नव्हतं, पण नजरही हटत नव्हती.

त्याने स्क्रीन बाईकडे वळवली. ती स्क्रीनजवळ सरकली आणि म्हणाली, "आये, जेवलीस का गं?"

मी हादरलो. त्याने माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

"बोलू द्या तिला," तो म्हणाला आणि हळूच दार लोटलं.