माधवचं इंग्लंड

माधवच्या मुलाचा, निखिलचा फोन आला तेव्हा मी फ्रीमाँटच्या इंडियन ग्रोसरीबाहेर गाडीत पिशव्या ठेवत होतो. "काका, बाबा गेले," एवढं मराठीत बोलून तो थांबला आणि मग हॉस्पिटलचं सगळं इंग्रजीत सांगत राहिला. माझ्या मनात भलताच विचार आला... आता मँचेस्टरच्या लाइनचं काय होणार?

कुणालाही वाटेल, म्हातारा चळला. म्हणून आधी माधवबद्दल सांगायला हवं. तो इगतपुरीचा. त्याच्या लहानपणी मुंबईहून घाट चढून आलेल्या विजेच्या तारा इगतपुरीलाच संपायच्या. तिथे विजेचं इंजिन काढून पुढे भुसावळकडे कोळशाचं जोडायचे, आणि त्या इंजिनावर त्याचे वडील फायरमन होते. ड्युटीवरून आले की काळं थुंकायचे. पन्नाशीही न गाठता गेले. माधव शिकला, इकडे अमेरिकेत आला, सांता क्लारात चिप्स डिझाइन करत रिटायर झाला. पण एक प्रश्न त्याला सोडेना. इंग्रजांनी आपल्या घाटात इतक्या लवकर तारा टाकल्या आणि स्वतःच्या घरी मात्र बहुतेक लांबच्या गाड्या कितीतरी वर्षं कोळशावरच ओढल्या... का? समजा, त्यांनी तिकडेही तेव्हाच वीज आणली असती तर?

सुधावहिनी गेल्यावर या 'समजा'ला धरबंद राहिला नाही. दर शनिवारी दुपारी मी त्याच्या गॅरेजमध्ये जायचो. भिंतीवर इंग्लंडचा मोठा नकाशा, त्यावर त्याने लाल पेन्सिलीने ओढलेल्या, कधीच न झालेल्या विजेच्या लाइनी; मँचेस्टरची अजून अर्धीच होती. कुठलं इंजिन कोणत्या कारखान्यात बनलं असतं, चढावर किती डबे ओढलं असतं, सगळं तो रंगून सांगायचा. पण त्या इंजिनांचे लाड नाहीत. मध्येच बर्फ पडून तारा तुटायच्या, एखादं नवं इंजिन ट्रायललाच जळायचं. "अरे, तुझंच तर इंग्लंड आहे," मी म्हणायचो, "चालू दे की ते इंजिन!" तो मान हलवायचा. "असं नाही यार चालत. फेल व्हायचं ते होणारच."

एका थँक्सगिव्हिंगला जेवताना त्याने हा विषय काढला. निखिल शांतपणे म्हणाला, "बाबा, नन ऑफ धिस एव्हर हॅपन्ड." माधव हसला. "हो रे, माहीत आहे मला." मग बराच वेळ पेपर नॅपकिनची घडी घालत बसला. त्यानंतर मुलासमोर त्याने आगगाडीचं नाव काढलं नाही. त्याच्या त्या इंग्लंडात आम्ही दोघंच उरलो, आणि खरं सांगायचं तर मी नुसता पाहुणा.

गेल्या हिवाळ्यात मी त्याला सहज विचारलं, "तुझ्या या सगळ्यात इगतपुरीच्या पुढे तारा कधी जातात?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "तिकडे मी जात नाही."

"का?"

"इंग्लंडात आपलं कुणी नाही ना," तो म्हणाला. "तिथे काहीही बदलता येतं."

चहा निवून गेला...

आता घर विकायला काढलंय. निखिलने नकाशा गुंडाळून आपल्याकडे नेला. टाकला नाही, हे त्याचं मोठेपण. आणि माझा शनिवार? आमच्या इकडची डिझेलवर चालणारी गाडी अलीकडे विजेवर धावू लागली. "चल, बसून येऊ," असं मी माधवला कितीदा म्हटलं होतं. "झालेली गोष्ट बघून काय करायचं?" म्हणत त्याने टाळलं. हल्ली मीच सांता क्लारापर्यंत ड्राइव्ह करतो, तिकीट काढतो आणि दुमजली डब्यात वरच्या मजल्यावर खिडकीशी बसतो. गाडी सुटलेली कळतही नाही, इतकी अलगद निघते.

परवा शेजारी एक तरुण लॅपटॉप उघडून बसला होता. मी न राहवून म्हणालो, "या तारा इथे फार आधी यायला हव्या होत्या, नाही?"

त्याने कानातला इअरफोन काढला. "सॉरी?"

मी मराठीत बोललो होतो.