नॉर्मनचा बिअरचा क्रेट

नॉर्मन पिडकॉकला इड्रिसचं काहीच बघवत नसे. इड्रिसच्या चहाला कोणी चांगला म्हटलं तरी याच्या पोटात दुखायचं. दोघंही ब्रिटिश हवाई दलात हॅरियर विमानांचे मेकॅनिक, दोघंही कामाला वाघ. पण शाबासकी जायची ती त्या वेल्श इड्रिसकडे. मी नॉर्मनच्या हाताखाली, त्यामुळे त्याचा जळफळाट मला रोज नाश्त्याबरोबर गिळावा लागे.

हॅरियरला धावपट्टी लागत नाही. मोकळी जागा मिळाली की जागच्या जागी वर उठतं. म्हणून दर उन्हाळ्यात आमची तुकडी जर्मनीतल्या जंगलात मुक्काम ठोकायची आणि विमानं झाडांत, जाळ्यांखाली दडवायची. शेवटच्या दिवशी आमचंच एक विमान वरून टेहळणीचे फोटो काढायचं. ज्याची जाळी फोटोत सापडणार नाही, त्याला सगळ्यांसमोर बिअरचा क्रेट. तो कायम इड्रिसला. नॉर्मन त्या वर्षी निवृत्त होणार होता. एकदा तरी तो क्रेट आपण उचलावा, एवढ्यासाठी त्याचा जीव तळमळत होता.

त्या सकाळी फोटोसाठी नॉर्मनचंच विमान गेलं. इड्रिसची माणसं नाश्त्याला गेली, आणि आमचे महाशय त्याच्या जाळीपाशी जाऊन दोरी सोडायला लागले. विमानाच्या पंखाचं टोक उघडं पडलं की काम झालं. मी लांबून बघत होतो आणि मला त्याची किळस आली.

वरून विमान जाताना मान वर करायची नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. हिरव्या पानांत गोरा चेहरा लगेच उठून दिसतो. यावरून नव्या पोरांना सगळ्यात जास्त शिव्या नॉर्मनच घालायचा. पण तेवढ्यात वरून आलेला आवाज त्याच्या स्वतःच्या विमानाचा होता. इंजिन नीट चाललंय ना, हे बघायला त्याने मान वर केली.

दुपारी तंबूत टेबलावर फोटो पसरले. आमची जाळी कुठेच दिसत नव्हती. इड्रिसची मात्र सापडली, कारण तिच्या कडेला दोरी हातात धरून नॉर्मन आकाशाकडे बघत उभा होता. हा तिथे काय करत होता, असं साहेबांनी विचारलं.

"मीच बोलावलं होतं, साहेब," इड्रिस म्हणाला. "दोरी सैल झाली होती. त्याच्यासारखी गाठ मला नाही जमत."

क्रेट नॉर्मनला मिळाला. टाळ्या वाजल्या, इड्रिसच्या सगळ्यात जोरात. बाहेर आल्यावर नॉर्मनने तो क्रेट माझ्या पायाशी आदळला.

"बघितलंस? मला एकदा जिंकू दिलं," तो म्हणाला, "तर त्यातही मोठा तोच झाला."